दिवाणखान्यातला लटकता दिवा कसा निवडावा आणि कुठे टांगावा

दुकानात ज्याला ‘हँगिंग’ म्हणतात आणि कॅटलॉगमध्ये ‘पेंडंट’, तो छतापासून वायरीने, साखळीने किंवा दांडीने खाली सोडलेला दिवा मराठी घराला नवा नाही. देवघरात साखळीला टांगलेला लामणदिवा आणि वाड्यांमधल्या हंड्या-झुंबरे ही त्याचीच थोरली भावंडे आहेत. बदलली आहे ती छताची उंची. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या खोलीसाठी किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट उंची मागते, आणि बहुतेक सदनिका त्याच्याच आसपास थांबतात. त्यात पीओपीचे किंवा जिप्समचे फॉल्स सीलिंग केले की आणखी सहा-आठ इंच जातात आणि उरलेल्या साडेआठ फुटांत पंखाही फिरायचा असतो. परदेशी मासिकांतली जी छायाचित्रे पाहून आपण दिवा पसंत करतो, त्यांतल्या बहुतेक घरांत छताला पंखाच नसतो, ही गोष्ट दिवा घरी आणून टांगेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आपल्याकडे लटकत्या दिव्याचा विचार पंख्यापासून सुरू करावा लागतो.

पंख्याशी आधी बोलणी

हॉलच्या मध्यावर पंख्याचा हक्क असतो. नेहमीचा ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरचा पंखा मध्यापासून चहूकडे दोन-दोन फूट जागा व्यापतो आणि त्याची पाती फरशीपासून साधारण आठ फुटांवर फिरतात. दिव्याचा उजेड जिथून निघतो तो भाग या पात्यांच्या वर किंवा त्यांच्या पातळीत आणि जवळ असेल, तर पाते दर फेरीला उजेड कापत जाते. पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेत असेल, तर तीन पात्यांमुळे उजेड सेकंदाला सतरा-अठरा वेळा तुटतो. भिंतीवर त्याची जी फडफड दिसते, तिच्याखाली दहा मिनिटे वर्तमानपत्र वाचले तरी डोके दुखू लागते. इलेक्ट्रिशियनला बोलावून बल्ब बदलून घेतला तरी ती थांबत नाही, कारण दोष बल्बचा नसतोच.

दुसरा त्रास वाऱ्याचा. कागदाची, वेताची किंवा पातळ पत्र्याची हलकी शेड पंख्याच्या झोतात हेलकावे खाते, आणि दिवा जेवढा हलतो त्याच्या कितीतरी पट त्याची सावली भिंतीवर हलते. एप्रिल-मे महिन्यांत पंखा पाचावर असतो तेव्हा हा झोपाळा अखंड चालू राहतो. शेड पात्यांच्या पातळीजवळ राहणार असेल, तर पात्याच्या टोकापासून तिच्यापर्यंत किमान तीन फूट अंतर ठेवावे. दिवा बराच खाली, बसणाऱ्याच्या खांद्याच्या आसपास सोडणार असाल तर दोन फूटही पुरतात. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये पंखा मध्यावर असला की दोन्ही बाजूंना पात्याच्या टोकापासून भिंतीपर्यंत तीन-तीन फूटच उरतात. म्हणजे रुंदीच्या दिशेने पंख्याच्या शेजारी दिव्याला जागा नाही. ती कोपऱ्यांत शोधावी लागते, किंवा हॉलच्या दुसऱ्या टोकाला, जिथे जेवणाचे टेबल असते.

कशाच्या डोक्यावर टांगावा

माझ्या मते एकच कसोटी पुरेशी आहे: दिव्याच्या बरोबर खाली असे काहीतरी असावे, ज्यातून माणूस चालत जाऊ शकत नाही आणि जे वर्षभर जागचे हलत नाही. सोफ्याच्या कोपऱ्यातले लहान टेबल, भिंतीला लावलेले जेवणाचे टेबल, खिडकीजवळची वाचायची खुर्ची किंवा दिवाणाचे डोके या कसोटीला उतरतात. सेंटर टेबल उतरत नाही, आणि नेमके तेच सगळ्यांना आधी सुचते.

मलाही तेच सुचले होते. पारदर्शक काचेचा, चेंडूसारखा गोल दिवा मी सेंटर टेबलावर फरशीपासून सव्वापाच फुटांवर सोडला आणि दोन महिने त्याचे कौतुकही करून घेतले. भाद्रपदात मखरासाठी टेबल भिंतीशी सरकले, दिवा हॉलच्या मधोमध उघडा पडला आणि आरतीच्या वेळी घरातल्या सर्वांत उंच भाच्याचे कपाळ त्यावर आपटले. काच वाचली. मग दिवा वर उचलून पंख्याच्या दांडीला सुतळीने बांधला, त्यामुळे पंखा बंद ठेवावा लागला आणि आलेल्या मंडळींना घाम पुसत प्रसाद घ्यावा लागला. गणपती दीड दिवसाचा होता, हेच नशीब. आपल्या घरांत सेंटर टेबल हे सतत हलणारे सामान आहे; हळदीकुंकवाला ते आत जाते, पाहुणे राहिले की गाद्या घालायला उभे केले जाते आणि घरात मूल रांगू लागले की दोन वर्षे गॅलरीत पडून राहते. त्याच्या भरवशावर दिवा टांगू नये.

कोपऱ्याचा दिवा मात्र मी कोणालाही सुचवीन. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे फरशीपासून साधारण साडेतीन ते पावणेचार फुटांवर असतात. शेडची खालची कड याच पातळीला किंवा तिच्या दोन-तीन इंच वर ठेवली, तर बल्ब डोळ्यांत येत नाही आणि उजेड हातातल्या पुस्तकावर व शेजारच्या कपावर पडतो. कोपऱ्यातले टेबल बावीस इंच उंच असेल, तर टेबल आणि शेड यांच्यामध्ये वीस ते सव्वीस इंच राहतात. इतक्या खाली आलेल्या दिव्यात उभा माणूस वरून डोकावू शकतो, म्हणून शेड वरच्या बाजूनेही झाकलेली किंवा अरुंद तोंडाची हवी. भिंतींपासून दिव्याचा मध्य दीड फूट बाहेर असावा. अगदी भिंतीलगत टांगला तर एका बाजूला उजेडाचा भगभगीत डाग पडतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच पोहोचत नाही.

जेवणाच्या टेबलाचे गणित सोपे आहे. टेबल अडीच फूट उंच असते. त्याच्या पृष्ठभागापासून शेडची खालची कड अठ्ठावीस ते चौतीस इंचांवर असावी. समोरासमोर बसलेल्या दोघांना एकमेकांचे चेहरे शेडच्या खालून दिसले पाहिजेत आणि वाढणाऱ्याचा हात शेडला लागता कामा नये. टेबल एका बाजूने भिंतीला टेकवलेले असेल तर दिवा टेबलाच्या मध्यावर येतो की नाही हे मोजून पाहावे, कारण छतातला वायरीचा पॉइंट बहुधा खोलीच्या मध्याला दिलेला असतो. जिथून माणसे ये-जा करतात तिथे दिव्याखाली किमान सात फूट मोकळे हवेत. साडेआठ फुटांच्या छतातून सात फूट वजा केले की दिव्यासह दीड फूट उरतो. तेवढ्यासाठी लटकता दिवा घेण्यापेक्षा छताला चिकटणारा घ्यावा.

आकाशकंदिलाची तालीम

दिवा विकत घेण्याआधी माळ्यावरून दिवाळीचा आकाशकंदील काढावा. हलका, कागदाचा आणि हव्या त्या आकाराच्या जवळपास जाणारा तोच असतो. तो सुतळीने ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या उंचीवर सोडावा. छताला चिकटपट्टीने चिकटवल्यास दोन-तीन दिवस सहज टिकतो. रंग निघण्याची भीती वाटत असेल तर पडद्याच्या दांडीवरून एक काठी आडवी पुढे काढावी आणि तिच्या टोकाला तो बांधावा. मग त्याच्याभोवती घर नेहमीसारखे चालू द्यावे. खिडकीचे झडप उघडताना ते कंदिलाला लागते का, चादर झटकताना काय होते, कपाटाचे दार पूर्ण उघडते का, दारातून आत येणाऱ्याला तो पहिल्यांदा कसा दिसतो, हे या दोन दिवसांत आपोआप कळते. घरातली वडीलधारी मंडळी सोफ्यावरून उठताना कोपऱ्यातल्या टेबलाचा आधार घेतात का, हेही पाहावे. तसे असेल तर दिवा टेबलाच्या मध्यापासून थोडा मागे, भिंतीकडे न्यावा लागतो.

रात्री कंदिलात मोबाइलचा टॉर्च लावून ठेवावा आणि टीव्ही बंद करून रोजच्या जागी बसावे. काळ्या पडद्यात उजेडाचा ठिपका दिसला, तर टीव्ही लावल्यावर गडद दृश्यांत तो तसाच दिसणार. भिंतीवरच्या तसबिरींच्या काचाही याच वेळी तपासाव्यात. सहसा दिवा चार-सहा इंच सरकवून किंवा थोडा खाली घेऊन हे प्रतिबिंब नाहीसे होते; आणि सुतळी सरकवायला काहीच खर्च येत नाही, स्लॅबमधले छिद्र मात्र सरकत नाही.

आकार, शेड आणि हवामान

खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून त्यांची बेरीज करावी, आणि तितक्या इंचांचा दिवा घ्यावा, असा एक ठोकताळा सांगितला जातो. दहा बाय सोळाच्या हॉलला तो सव्वीस इंचांचा दिवा सुचवतो. उंच, पंखा नसलेल्या खोलीच्या मध्यावर टांगायच्या एकुलत्या एका दिव्यासाठी तो ठीक आहे. आपल्या साडेआठ फुटी छताखाली सव्वीस इंचांची शेड परात उलटी टांगल्यासारखी दिसते. कोपऱ्यासाठी दहा ते चौदा इंच व्यास पुरतो. जेवणाच्या टेबलावर शेडची रुंदी टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असावी, म्हणजे तीन फुटी टेबलाला अठरा ते चोवीस इंच. लांबट टेबलावर आठ-दहा इंचांचे दोन किंवा तीन दिवे एका ओळीत, मध्यापासून मध्यापर्यंत वीस ते चोवीस इंच अंतराने टांगता येतात. ते तीनच असावेत, दोन वाईट दिसतात, असा आग्रह विक्रेते धरतात. त्यात त्यांच्या गल्ल्याचा विचार अधिक असावा असे मला वाटते.

शेड निवडताना सर्वांत महत्त्वाचे हे, की बसलेल्या माणसाला नुसता बल्ब दिसू नये. पॉल हेनिंगसेन या डॅनिश आरेखकाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून याच एका प्रश्नावर काम केले, आणि १९५८ साली आलेला त्याचा ‘पीएच ५’ हा पन्नास सेंटिमीटर व्यासाचा दिवा एकावर एक रचलेल्या वक्र पत्र्यांमुळे कोणत्याही कोनातून बल्ब दिसू देत नाही. तो दिवाच घ्यावा असे कोणी म्हणणार नाही, पण दुकानात प्रत्येक शेड त्याच नजरेने तपासावी. पारदर्शक काच आणि आत सोनेरी तारेचा बल्ब ही जोडी फोटोत मोहक दिसते आणि रोजच्या बसण्यात डोळ्यांना बोचते. शिवाय अशा काचेवर आठवड्याभराची धूळ, बोटांचे ठसे आणि पालीच्या येण्या-जाण्याच्या खुणा सगळे उजेडात वाचता येते. दुधी काच, कापड, चिनी माती किंवा आतून पांढरा रंग दिलेला पत्रा हे पर्याय अधिक सोशिक आहेत.

पावसाळ्याचा विचार करूनच शेडचे तोंड ठरवावे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी उजेडाकडे झेपावणारे पंखांचे किडे वाडग्यासारख्या, खालून बंद असलेल्या शेडमध्ये पडतात आणि तिथेच राहतात. जुलैपर्यंत वाडग्याच्या तळाशी काळसर थर जमतो आणि खालून पाहणाऱ्याला तो प्रत्येक वेळी दिसतो. खालून उघडी शेड असेल तर किडे टेबलावर पडतात, ते निदान पुसता येतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने लोखंडी शेडच्या कडा आणि स्क्रू आधी गंजतात. तिथे ॲल्युमिनियम, पितळ किंवा चिनी माती घ्यावी, आणि पितळ काळवंडणार हे गृहीत धरावे. दमट हवेत कापडी शेडवर बुरशीचे ठिपके येतात, आणि वेताच्या विणीत जळमटे इतकी बसतात की फडके चालत नाही, रंगाचा कोरडा ब्रश लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वेत छान टिकतो. धूळ मात्र तिथेही सुटत नाही.

मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदीला गेलात, तर दुकानात एकाच वेळी पन्नास दिवे लागलेले असतात आणि त्या लखलखाटात प्रत्येक दिवा सौम्य वाटतो. पसंत पडलेला दिवा सोडून आसपासचे बंद करायला सांगावे, स्टुलावर बसावे आणि घरी जितक्या उंचीवर असेल तितक्या उंचीवर तो धरायला लावावा. विक्रेता कुरकुरतो, पण धरतो.

बल्ब

भारतातले जुने होल्डर पिनांचे, म्हणजे बी-२२ जातीचे असतात. लटकत्या दिव्यांना बहुतेक वेळा आट्यांचा ई-२७ होल्डर येतो, आणि बारीक दिव्यांना ई-१४. घरात साठवलेले पिनांचे बल्ब त्यांत बसत नाहीत, म्हणून बल्ब दिव्याबरोबरच घ्यावा. ज्यात एलईडी कायमची बसवलेली असते असे दिवे मी टाळतो, कारण आतली पट्टी किंवा तिला योग्य वीज पुरवणारा ड्रायव्हर गेला की बरेचदा अख्खा दिवा उतरवावा लागतो.

उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात; कोपऱ्याच्या दिव्याला चारशे ते पाचशे ल्यूमेन, म्हणजे साधारण पाच वॉटचा एलईडी बल्ब पुरतो; जेवणाच्या टेबलाला आठशे ते नऊशे ल्यूमेनचा, म्हणजे नऊ वॉटच्या आसपासचा घ्यावा. अख्खा हॉल उजळण्याचे काम लटकत्या दिव्याकडून अपेक्षू नये. ते छतावरचे दिवे किंवा ट्यूब करतच असते. रंगाबाबत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बसायच्या जागेला चांगला, मात्र त्याच वेळी ६५०० केल्विनची निळसर पांढरी ट्यूब लागलेली असेल तर तो कोपरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. ट्यूब बदलून ४००० केल्विनची घेतली की ही तफावत सुसह्य होते. जेवणाच्या टेबलावर रंग दाखवण्याची क्षमता, म्हणजे सीआरआय, नव्वद किंवा अधिक असलेला बल्ब घेणे परवडत असेल तर घ्यावा. साध्या बल्बखाली पालकाची भाजी आणि टोमॅटोचे सार दोन्ही थोडे मळकट दिसतात. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर बल्बच्या खोक्यावर तो ‘डिमेबल’ असल्याचे लिहिलेले हवे आणि एलईडीसाठीचाच डिमर हवा. पंख्याचा रेग्युलेटर या कामी लावू नये.

टांगणे

दिव्याचे वजन फॉल्स सीलिंगवर कधीही टाकू नये. जिप्समचा बोर्ड आणि त्याच्या पातळ पट्ट्या स्वतःचे वजन पेलण्यासाठी असतात. हूक मूळ स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने, म्हणजे छिद्रात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने बसवावा आणि तिथून साखळी किंवा तारेचा दोर सीलिंगच्या छिद्रातून खाली यावा. सीलिंगचे काम अजून व्हायचे असेल तर दिव्याची जागा त्याआधी ठरवावी, हूक आणि वायर आधी टाकून घ्यावी, आणि बोर्ड लागण्यापूर्वी मोजपट्टी धरून छताचे फोटो काढून ठेवावेत. स्लॅबमध्ये वायरिंगच्या नळ्या असतात, त्यामुळे ड्रिल लावण्याआधी त्या कुठून गेल्या आहेत हे वायरमनने पाहिले पाहिजे. नव्या इमारतींत काही स्लॅब पोस्ट-टेन्शन पद्धतीचे असतात, म्हणजे त्यांच्या आत ताणलेल्या पोलादी तारा असतात. तिथे सोसायटीला किंवा बांधकाम व्यावसायिकाला विचारल्याशिवाय एकही छिद्र पाडू नये. पंख्याच्या हुकात दिवा अडकवण्याचा मोहही टाळावा.

हूक बसवल्यावर त्याची परीक्षा दिव्याने घेऊ नये. खाली गादी अंथरून त्याला दिव्याच्या किमान दुप्पट वजनाची तांदळाची पिशवी एक रात्र टांगावी. सकाळी हूक जागचा हलला नसेल आणि त्याच्याभोवती भुगा पडला नसेल तर दिवा चढवावा. जड काचेच्या दिव्याचे ओझे वायरीवर येऊ नये, साखळीवर यावे, आणि साखळीपेक्षा वायर थोडी सैल असावी. जोडणीपूर्वी एमसीबी खाली पाडावा आणि टेस्टरने खात्री करावी. नुसता दिव्याचा स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत स्विचवर फेजऐवजी न्यूट्रल आलेला सापडतो, म्हणजे स्विच बंद असूनही दिव्यापर्यंत वीज येत राहते. धातूच्या शेडला हिरवी अर्थिंगची वायर जोडलेलीच हवी. छतातला पॉइंट हव्या त्या जागी नसेल तर नवी नळी खोदण्याऐवजी वायर छतालगत नेऊन दुसऱ्या हुकातून खाली सोडता येते. कापडी वेष्टनाची वायर असेल तर हे वाईट दिसत नाही. या दिव्याला स्वतंत्र स्विच द्यावा आणि जमल्यास सोफ्याच्या हाताशी दुसरा, म्हणजे दोन्हीकडून लागेल-विझेल असा. मोठा दिवा लावल्याखेरीज छोटा लागत नसेल तर तो महिन्याभरात वापरातून जातो.

उंची पक्की करताना वायरमन शिडीवर असेल तेव्हा घाई करू नये. त्याला खुणेची गाठ मारायला सांगून आपण सोफ्यावर बसावे, मग घरातल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच माणसाला आळीपाळीने बसवून पाहावे, आणि संध्याकाळी काळोख पडल्यावर पुन्हा एकदा. जादा वायर त्याला कापू देऊ नये. फूटभर वेटोळे छतालगतच्या वाटीत गुंडाळून ठेवावे. पुढच्या वर्षी सोफा बदलला आणि त्याची बैठक चार इंचांनी खाली आली, तर दिवाही तेवढाच खाली सोडता येतो.